पुढच्या भागाचा निकाल कसा लावावा

ज्याची वर्षानुवर्षे वाट पाहिली अशा गेमचा पुढचा भाग आता येऊ घातला आहे, आणि तो आधीच्या भागांच्या तोडीचा आहे की नाही हे जगाला सांगण्याची जबाबदारी, नाही म्हटले तरी, आपल्यावर येऊन पडली आहे. जबाबदारी मोठी आणि वेळ थोडा, कारण इतरांची मते एकदा ठरून गेली की आपल्या मताला कुणी विचारत नाही. या कामी उपयोगी पडाव्यात म्हणून काही सूचना येथे देत आहे. जाणकारांना त्यांत नवे काही सापडणार नाही. पण गेमविषयी मत देण्यापूर्वी तो खेळावा लागतो असा भाबडा समज नवशिक्यांमध्ये अजूनही आढळतो, तेवढा दूर झाला तरी पुष्कळ झाले.

निकाल शक्यतो ट्रेलरवरच लावून टाकावा. आदर्श म्हणून २००१ सालाकडे पाहावे. आदल्या वर्षी निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीने आपल्या येणाऱ्या कन्सोलची, म्हणजे गेम खेळण्याच्या यंत्राची, ताकद दाखवण्यासाठी 'झेल्डा' मालिकेचा नायक लिंक आणि खलनायक गॅननडॉर्फ यांच्या तलवारयुद्धाची एक झलक दाखवली होती, आणि तेवढ्या भांडवलावर चाहत्यांनी पुढच्या 'झेल्डा'चे संपूर्ण चित्र मनात रंगवून ठेवले होते. प्रत्यक्षात 'द विंड वेकर'चे पहिले दर्शन झाले तेव्हा पडद्यावर आला तो बशीएवढ्या डोळ्यांचा, कार्टूनमधून उठून आल्यासारखा बुटका लिंक. हा पोरखेळ आहे, असा निकाल तिथल्या तिथे लागला. गेम विक्रीला यायला अजून वर्षाहून अधिक अवकाश होता, पण त्यावाचून कुणाचे अडले नाही. पुढे झाले असे, की त्या काळचे वास्तवदर्शी म्हणवणारे ग्राफिक्स बघता बघता जुनाट दिसू लागले आणि हा पोरखेळ मात्र टवटवीतच राहिला. २०१३ साली तो नव्या कन्सोलसाठी पुन्हा काढण्यात आला तेव्हा त्याच रूपाचे कौतुक झाले. यावरून घाई करू नये असा धडा कुणी घेऊ नये. त्या वेळी घाई केली नसती, तर तो निकाल देण्याची संधी कायमची हुकली असती.

'डियाब्लो ३'च्या चाहत्यांनी हेच काम अधिक कसून केले. २००८ साली गेमची पहिली दृश्ये आली, त्यांतले रंग भडक आहेत आणि मालिकेचा काळोख हरवला आहे असे त्यांच्या ध्यानात आले, आणि काहींनी तर कंपनीच्याच चित्रांतले रंग उतरवून, ती काळवंडून, 'असे हवे होते' म्हणून दाखवली. गेम बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने त्यावर हसरे ढग, युनिकॉर्न आणि टेडी बेअर यांनी भरलेली एक गुप्त लेव्हलच गेममध्ये घालून दिली. अखेर १५ मे २०१२ रोजी गेम आला. रंगांचा वाद आता डोळ्यांनी पाहूनच मिटवू म्हणून लोकांनी लॉग-इन केले, तर समोर एक लहानशी चौकट उभी राहिली: सर्व्हर सध्या व्यस्त आहेत, कृपया नंतर प्रयत्न करा, एरर ३७. एकट्याने खेळायलाही इंटरनेट लागत असल्यामुळे ज्यांना कुणाशीच खेळायचे नव्हते तेही दाराबाहेरच राहिले. त्या रात्री ज्यांचे मत ट्रेलरवरून आधीच तयार होते, त्यांचे काही नुकसान झाले नाही, हे लक्षात घ्यावे.

मत कोणते द्यावे, हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. पुढच्या भागावर ठेवता येतील असे आरोप दोनच असतात: एक, हे तर तेच ते आहे; आणि दोन, हे ते राहिलेलेच नाही. कच्चा माणूस यांतला एक निवडतो. मुरलेला माणूस एकाच परिच्छेदात दोन्ही ठेवतो आणि मधे 'शिवाय' हा शब्द घालतो. ही सोय अगदी जुनी आहे. १९८७ च्या दुसऱ्या 'झेल्डा'ने पहिल्यातल्या वरून दिसणाऱ्या मारामाऱ्या सोडून बाजूने दिसणाऱ्या मारामाऱ्या आणि अनुभवाचे गुण आणले, तेव्हा तो 'ते राहिलेले नाही' या सदरात गेला. मारिओची गंमत याहून न्यारी. जपानमध्ये १९८६ साली निघालेला 'सुपर मारिओ ब्रदर्स २' हा पहिल्या भागासारखाच, फक्त जीव काढण्याइतका कठीण होता. तो अमेरिकेत चालणार नाही असे ठरले आणि तिथे १९८८ साली 'डोकी डोकी पॅनिक' नावाच्या वेगळ्याच गेममधली पात्रे बदलून, त्यावर मारिओचे नाव घालून तो विकण्यात आला. म्हणजे एकाच नावाचे दोन पुढचे भाग, एक तेच ते आणि दुसरा ते नसलेला. समीक्षकांची एवढी काळजी त्यानंतर कुणी घेतलेली दिसत नाही.

'सिव्हिलायझेशन' या गेममालिकेचे जनक सिड मायर यांच्या नावावर या बाबतीत एक नियम सांगितला जातो: नव्या भागात एक तृतीयांश जुने तसेच ठेवावे, एक तृतीयांश सुधारावे आणि एक तृतीयांश अगदी नवे घालावे. नियम समजूतदार आहे, आणि आपल्या कामाचा तर फारच आहे, कारण त्यामुळे गेमचा कोणताही कोपरा तक्रारीवाचून राहत नाही. जे तसेच ठेवले त्याला शिळ्या कढीला ऊत म्हणावे, जे सुधारले त्याबद्दल चांगले चालले होते ते बिघडवले म्हणावे, आणि जे नवे आहे त्यापुढे 'हे मागितले कुणी होते?' एवढेच लिहावे. 'टिअर्स ऑफ द किंगडम' या 'झेल्डा'मध्ये २०२३ साली आधीच्या भागाचाच प्रदेश परत आला, तेव्हा वर आकाशातली बेटे, खाली पाताळ आणि हाती लागेल ते जोडून वाहने उभारण्याची मुभा असूनही 'हा तर नुसता डीएलसी', म्हणजे जुन्या गेमला नंतर जोडलेला जादा तुकडा, असे ठणकावून सांगणारे निघालेच. त्यांची तपश्चर्या वाया गेली नाही. ते वाक्य आजही वापरात आहे.

आता तुलना कोणत्या भागाशी करावी, याचा विचार करू. लगेच आधीच्या भागाशी तर मुळीच करू नये, कारण त्याला आपण नुकत्याच शिव्या दिलेल्या असतात आणि त्या लोकांच्या लक्षात असतात. त्याच्याही मागे जावे. येथे एक नैसर्गिक नियम आपल्या मदतीला येतो: नवा भाग आला की आधीच्या भागाची सगळी पापे धुतली जातात. 'फॉलआउट: न्यू व्हेगास' २०१० साली आला तेव्हा बगांनी इतका बुजबुजलेला होता की लोक कथेपेक्षा क्रॅशविषयीच जास्त बोलत. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर त्याला ८४ गुण मिळाले, आणि तो बनवणाऱ्या ऑब्सिडियनचा बोनस ८५ गुणांवर अवलंबून होता, म्हणून एका गुणाने तो गेला. मग २०१५ साली 'फॉलआउट ४' आला, आणि त्याला झोडपण्यासाठी हाताशी काहीतरी असावे म्हणून म्हणा किंवा डोळे उघडले म्हणून म्हणा, 'न्यू व्हेगास' हा मालिकेचा सुवर्णकाळ ठरला. तो त्या लायकीचा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फक्त तो एक गुण कुणी परत आणून दिलेला नाही.

जुना भाग मात्र तुलनेसाठी पुन्हा लावून पाहण्याचे धाडस करू नये. ही सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. 'ओकारिना ऑफ टाइम'चेच घ्या. १९९८ चा हा गेम मेटाक्रिटिकवर ९९ गुण घेऊन बसला आहे, आणि त्याच्यापुढे कोणताही नवा 'झेल्डा' फिका आहे असे आपण हव्या त्या व्यासपीठावर निर्धास्तपणे म्हणू शकतो, पण ते केवळ आठवणीच्या बळावर. प्रत्यक्ष खेळायला बसलात तर पहिल्यांदा दिसेल की तो सेकंदाला जेमतेम वीस फ्रेम, म्हणजे चित्रे, दाखवतो. नव्या गेमचा फ्रेम रेट साठावरून पन्नासावर घसरला म्हणून आपण जो आकांत केला, तो मग जरा अवघड जागी जाऊन बसेल. त्यानंतर येईल पाण्याचे मंदिर. तिथे बुडायचे असेल तर लोखंडी बूट घालावे लागतात. त्यासाठी गेम थांबवायचा, मेनूची पाने फिरवत साहित्याच्या पानावर जायचे, बूट निवडायचे, बाहेर यायचे आणि लिंक सावकाश तळाला जाईपर्यंत पाहत बसायचे. तळाशी चार पावले चालून झाली की वर यायचे असते, म्हणजे पुन्हा थांबवा, पुन्हा पाने फिरवा, बूट काढा. दार चुकले असेल तर हे सगळे पुन्हा, आणि पाण्याची पातळी बदलायची असेल तर आधी ठरावीक जागा शोधून तिथे ओकारिना या फुंकून वाजवायच्या वाद्यावर धून वाजवायची. २०११ साली हा गेम थ्रीडीएस या हातात मावणाऱ्या कन्सोलसाठी पुन्हा काढताना निन्टेन्डोने ते बूट झटक्यात चढवता-उतरवता येतील अशी सोय केली, ती उगाच नव्हे.

या गोष्टी आठवणीत राहत नाहीत, कारण त्या खेळणारा त्या वेळी चौदा वर्षांचा होता. त्याच्यापाशी सुट्टी होती, एवढा एकच गेम होता, आणि अडलेले दार तीन दिवस अडलेलेच राहिले तरी त्याची कामे कुठे तुंबत नव्हती. आज तोच माणूस रात्री उशिरा, डोळे तारवटलेले असताना, अर्धे लक्ष फोनवर ठेवून नवा भाग सुरू करतो आणि तासाभराने जाहीर करतो की याच्यात ती जादू नाही. हे निदान अचूक आहे. निर्मात्यांनी सात-आठ वर्षे खपून, कैक पटींनी मोठे जग उभे करूनही आपल्याला पुन्हा चौदा वर्षांचे करण्याची किमान सोय गेममध्ये ठेवलेली नसते, आणि या हलगर्जीपणाचे गुण कापलेच पाहिजेत. डीएलसीमध्ये तरी ती येईल का, असे विचारून पाहायला हरकत नाही.

काही कंपन्या आपल्याला जुना भाग पुन्हा खेळून पाहण्याच्या मोहापासून स्वतःहून वाचवतात, त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. इंटरनेटवरच खेळता येणारा 'ओव्हरवॉच २' ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला तो पहिल्या 'ओव्हरवॉच'चे सर्व्हर बंद करूनच. ज्यांनी पहिला भाग पैसे मोजून घेतला होता त्यांच्यापाशीही तुलनेसाठी खेळता येईल असे काही उरले नाही. नावातल्या दोनाच्या आकड्याचे मुख्य कारण म्हणून २०१९ पासून ज्या हिरो मिशन्सचे, म्हणजे खेळाडूंनी एकजुटीने संगणकाशी लढायच्या मोहिमांचे, ढोल वाजत होते, त्या पुढे मे २०२३ मध्ये रद्द झाल्याचे सांगण्यात आले. आकडा तेवढा तेव्हा तसाच राहिला. अशा ठिकाणी पुढचा भाग आधीच्याच्या तोडीचा आहे का, या प्रश्नाला काही अर्थ उरत नाही, कारण आधीचा भाग मोडून त्याच जागेवर पुढच्याची पाटी लावलेली असते. येथे खरोखर चिडावे, असे माझे मत आहे. पण बहुतेकांचा राग तोवर कुणाच्या तरी बदललेल्या पोशाखावर खर्च होऊन गेलेला असतो.

प्रतीक्षेच्या लांबीचा विषय थोडक्यात आटोपतो. 'ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर' १९९७ साली जाहीर झाला आणि २०११ साली आला, आणि आल्यावर त्याची जी शोभा झाली ती पाहता तो आला नसता तर बरे झाले असते. 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' २०१९ साली जाहीर झाला, ४ सप्टेंबर २०२५ रोजी आला, आणि त्या दिवशी विकत घेणाऱ्यांच्या गर्दीने ऑनलाइन स्टोअर कोलमडली. गेम देखणा आणि मन लावून केलेला होता, म्हणून लोकांनी तो कठीण असल्याची तक्रार केली: सुरुवातीला जीव पाचच, आणि पुष्कळ शत्रू एका फटक्यात त्यांतले दोन नेतात. निर्मात्यांनी सुरुवातीच्या काही बॉसची, म्हणजे बड्या शत्रूंची, धार थोडी बोथट केली, तेव्हा ती का केली म्हणून विचारणारेही पुढे आले. वाट जितकी लांब तितकी तक्रार तयार करायला सवड जास्त, एवढाच याचा अर्थ.

गुण देताना शून्य आणि दहा हे दोनच आकडे वापरावेत. मधले नऊ आकडे भित्र्या लोकांसाठी असतात. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' जून २०२० मध्ये आला तेव्हा त्याची कथा संपवायला वीस-पंचवीस तास सहज लागत असूनही पहिल्या काही तासांतच मेटाक्रिटिकवर शून्यांचा पाऊस पडला. या कार्यक्षमतेचे कौतुक व्हायचे सोडून त्या संकेतस्थळाने पुढच्याच महिन्यात नियम केला की गेम आल्यापासून ३६ तास उलटल्याखेरीज वापरकर्त्यांना गुण देता येणार नाहीत. नियम अन्यायाचा असला तरी त्यावर उपाय आहे: शून्य आधीच ठरवून, मजकूर लिहून तयार ठेवावा आणि ३६ तास स्वस्थ झोपावे. त्या वेळात चुकूनही गेम सुरू करू नये, कारण मन दुबळे असते.

आणि सुरू केलाच, तर? असे होते. नकारात्मक मजकूर तयार असतो, एखादी लेव्हल पाहून घेऊ म्हणून माणूस बसतो आणि बघता बघता उजाडते. हरकत नाही, मत बदलण्याची गरज नाही. तीनशे तास खेळून 'वेळेचा अपव्यय' असे लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या शब्दाला अनुभवाचे वजनही असते. अडचण एवढीच आहे की स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर प्रत्येक रिव्ह्यूसोबत आपण एकूण किती तास खेळलो आणि रिव्ह्यू लिहिला तेव्हा किती झाले होते, हे दोन्ही आकडे छापलेले असतात, आणि निषेध नोंदवून झाल्यावरही पहिला आकडा वाढतच राहिला तर तो कुणाच्याही नजरेस पडू शकतो. म्हणून रिव्ह्यू लिहून झाल्यानंतरचे तास एखाद्या मित्राच्या अकाउंटवरून खेळावेत, आणि त्या मित्राने स्वतः रिव्ह्यू लिहिलेला नाही ना, याची आधी खात्री करून घ्यावी.