ब्रेसेस असताना ब्रश कमी करा, हे चूक आहे

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘मुलांना ब्रेसेस असतील तर ब्रश एकदाच करा, नाहीतर ब्रॅकेट सुटतात. बाकी वेळी माउथवॉश पुरे.’ कृपया हे ऐकू नका.

ब्रॅकेट, म्हणजे ब्रेसेसची तार धरणारे छोटे बटण, दाताला पक्के चिकटवलेले असते. मऊ ब्रशने ते सुटत नाही. सुटते ते चिक्की, ऊस, बर्फ किंवा कडक पेरू दातांनी तोडल्यामुळे. पेरू खायचाच तर बारीक फोडी करून द्या.

खरा धोका वेगळाच आहे. ब्रॅकेटभोवती अन्न अडकते, जिवाणूंचा थर साचतो आणि त्यांच्या आम्लाने दातातले कॅल्शियम झिजते. स्वच्छता नसेल तर महिनाभरातही पांढरे डाग दिसू लागतात, आणि ते ब्रेसेस काढल्यावरही बरेचदा राहतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला हे मनाला किती लागत असेल! माउथवॉशने हा चिकट थर निघत नाही.

म्हणून फ्लोराइडच्या टूथपेस्टने दिवसातून किमान दोनदा, त्यातही रात्री झोपताना नक्की, ब्रश हवा. तारेच्या वर आणि खाली, दोन्हीकडून तिरका धरून. तारेखाली बारीक इंटरडेंटल ब्रश (दातांच्या फटीत जाणारा छोटा ब्रश) फिरवा. डबा खाल्ल्यावर शाळेत निदान खळखळून चूळ भरायला सांगा. ब्रॅकेट सुटलेच, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.