अदृश्य आहात, पण ऐकू येताय त्याचं काय?

'डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये कधीच पकडले जाणार नाही, पाच हमखास ट्रिक्स' असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. हा फासे टाकून, एकेक पात्र बनून खेळायचा गोष्टीचा खेळ. तो मेसेज आता भाच्याच्या ग्रुपमध्येही पोचलाय आणि खेळातल्या किल्ल्यात घुसायचा त्यांचा सगळा बेत त्याच्यावरच उभा आहे. म्हणून हे लिहावं लागतंय. नियम पाचव्या आवृत्तीचे, 2014 च्या पुस्तकातले. 2024 मध्ये मुद्द्याचं काही बदललंय तिथे तसं सांगतो.

'इन्व्हिजिबिलिटी टाकली की स्टेल्थचा रोल लागत नाही.'

साफ चूक, आणि पात्रं मरतात ती याच्यामुळेच. इन्व्हिजिबिलिटी म्हणजे अदृश्य करणारा स्पेल, जादूचा मंत्र. स्टेल्थचा रोल म्हणजे चोरपावलं जमली का ते बघायला 20 बाजूंचा फासा टाकून त्यात आपला बोनस मिळवणं. प्लेयर्स हँडबुक या नियमपुस्तकाच्या सातव्या प्रकरणात लपण्याबद्दलची चौकट आहे, ती एकदा शांतपणे वाचा. अदृश्य प्राणी दिसत नाही, म्हणून तो केव्हाही लपायचा प्रयत्न करू शकतो. पण त्याच्या वावराच्या खुणा दिसू शकतात आणि आवाज त्याला टाळावाच लागतो, असं तिथे स्पष्ट दिलंय. प्रयत्न करू शकतो म्हणजे आडोसा शोधावा लागत नाही, एवढंच. फासा टाकावाच लागतो.

हिशेबच करू. डेक्स्टेरिटी (चपळाई) 10, स्टेल्थ येत नाही, म्हणजे बोनस शून्य, अंगावर जड प्लेट चिलखत, असा एक फायटर (लढवय्या) घ्या. साध्या पहारेकऱ्याचा पॅसिव्ह पर्सेप्शन, म्हणजे फासा न टाकताही असलेला सावधपणा, 12 असतो. बरोबरी पहारेकऱ्याच्या बाजूने धरली तर 13 हवेत, म्हणजे 40 टक्के. प्लेटमुळे डिसॲडव्हान्टेज, दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा, म्हणजे उरले 16 टक्के. हा गडी अदृश्य केला तरी 16 टक्केच, कारण चिलखत खडखडायचं थांबत नाही. ड्रुइडने (निसर्गाची जादू करणाऱ्या पात्राने) पास विदाउट ट्रेस हा लपायला मदत करणारा स्पेल टाकला तर मात्र +10 मिळतात आणि तेच 16 टक्के 81 होतात. दोन्ही स्पेल दुसऱ्या लेव्हलचेच, म्हणजे खर्च सारखाच. दारात लांडगा बांधलेला असेल तर तेही विसरा: त्याचा पॅसिव्ह 13, आणि कान-नाक तिखट असल्याचे +5 धरून 18.

न लपता नुसते अदृश्य असाल तर शत्रूला तुमची जागा ठाऊक असते. तो डिसॲडव्हान्टेजने वार करतो, पण करतो.

एक अर्धसत्य नाइलाजाने मान्य करतो. 2024 च्या पुस्तकात लपताना 15 गाठले की 'इन्व्हिजिबल' ही अवस्था मिळते. गोंधळ बहुतेक तिथूनच आलाय. पण लपल्याने मिळालेली ती अवस्था कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केला की जाते, हे त्याच पानावर आहे. ते मेसेजवाल्याने सोयीस्करपणे गाळलंय.

'आधी इन्व्हिजिबिलिटी, मग स्वतःभोवती सायलेन्स टाका आणि चालत जा.'

सायलेन्स म्हणजे एका गोलातला सगळा आवाज बंद करणारा स्पेल. हे लिहिणाऱ्याने दोन्ही स्पेल वाचलेच नाहीत. दोन्हींना कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे सतत धरलेलं लक्ष, लागतं आणि ते एका वेळी एकाच स्पेलवर राहतं, त्यामुळे दुसरा टाकताच पहिला संपतो. शिवाय इन्व्हिजिबिलिटी घेतलेल्याने कुठलाही स्पेल टाकला की ती तशीही उतरते. समजा दोघांनी मिळून टाकले. तरी सायलेन्सचा गोल एका जागी बसतो, 20 फूट त्रिज्येचा, आणि तुमच्याबरोबर चालत नाही. मध्यावरून फेरीला 30 फुटांच्या वेगाने निघालात तर पहिल्याच फेरीत बाहेर. आणि आत सापडलेल्या पहारेकऱ्याला अचानक स्वतःचे बूटही ऐकू येईनासे झाले, तर तो काय जांभई देत बसणार आहे?

सायलेन्सचा खरा उपयोग वेगळा आहे: आतल्याला ओरडता येत नाही, घंटा वाजत नाही, तोंडी मंत्र लागणारा स्पेल टाकता येत नाही. तुमच्या जादूगारालाही नाही, हे लक्षात ठेवा.

'कुलूप गुपचूप उघडायचं तर नॉक.'

नॉक या कुलूप उघडणाऱ्या स्पेलचा ठोका 300 फुटांवर ऐकू जातो! तो त्या दारातूनच निघतो, म्हणून उपाय आहे. आधी दारावर सायलेन्स, मग गोलाच्या बाहेर पण दारापासून 60 फुटांच्या आत उभं राहून नॉक. नॉकला कॉन्सन्ट्रेशन लागत नाही, त्यामुळे बार्डला (गाण्यातून जादू करणाऱ्या पात्राला) हे एकट्याला जमतं. मंत्र मात्र तोंडाने म्हणावे लागतात, तेव्हा पहारेकऱ्याच्या कानाशी उभे राहू नका. डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, पडद्यावरच्या तक्त्यात दबक्या आवाजाचा पल्ला 2डी6 (सहा बाजूंचे दोन फासे) गुणिले 5 फूट दिलाय, म्हणजे सरासरी 35.

'हलकं चिलखत वाजत नाही, जड वाजतं.'

जडाचं खरं आहे. पण पॅडेड, म्हणजे जाड कापडी चिलखत, हलकं असूनही डिसॲडव्हान्टेज देतं आणि ब्रेस्टप्लेट, म्हणजे छातीचं धातूचं चिलखत, मध्यम असूनही देत नाही. वजनाकडे नाही, चिलखतांच्या तक्त्यातल्या शेवटून दुसऱ्या, स्टेल्थच्या रकान्याकडे बघा.

'20 पडले की कुणालाच दिसत नाही.'

20 आपोआप यश देतात ते हल्ल्याच्या रोलवर. स्टेल्थमध्ये ते 20 अधिक तुमचा बोनस, बस. अख्ख्या पार्टीला घुसायचं असेल तर डीएमला ग्रुप चेक मागा. निम्मे जण पास झाले की सगळे पास, प्लेटवाल्यासकट.