उंट, शेळ्या आणि सरासरी वय

नमस्कार. व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्यांच्या वयावरच्या लेखाला तुमची प्रतिक्रिया आली: "सरासरी वय वाढतंय म्हणत तुम्ही तरुणांना क्लीन चिट देताय, स्त्रियांवर जेमतेम एक ओळ, आणि एकूण लेख म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं."

मतभेद असू द्यात हो, पण उंट कशाला? ११ वर्षं मी दाखल होणाऱ्यांचे फॉर्म भरून घेतोय. 'याआधी उपचार घेतलेत का?' या रकान्यात 'नाही' लिहून मोकळं होता येत नाही. चार दिवस सलाईन लावून झालेलं डिटॉक्स माणूस उपचारात धरतच नाही. 'कधी औषध घेऊन बंद केलं होतं का, किती दिवस टिकलं?' असं फिरवून विचारावं लागतं. नाही विचारलं की पहिल्यांदा आलेल्यांचा आकडा फुगतो. मुख्य पदार्थाचंही तसंच. दारू सांगायला सोपी, म्हणून ती आधी येते. मागच्या ३० दिवसांत काय, किती वेळा, ओढून की टोचून, असं एकेक विचारत गेलं की मग हेरॉइन निघतं. उंटावरून दिसतं का हे?

आता क्लीन चिट. समजा मेथाडोनवर, म्हणजे हेरॉइनसारख्या अफूवर्गी पदार्थांच्या (ओपिऑइड) व्यसनावर देतात त्या औषधावर, १०० जण आहेत, सरासरी वय ४०. वर्षभरात २२ वर्षांचे ४ नवे आले, जुनं कोणी गेलं नाही. जुन्यांची सरासरी ४१ झाली, सगळ्यांची मिळून ४०.३. तरुण आले, तरी सरासरी चढलीच! ओपिऑइडचे उपचार वर्षानुवर्षं चालतात, त्याचा हा परिणाम. तरुणांचं बघायचं तर पहिल्यांदा आलेल्यांचा रकाना वेगळा काढावा लागतो. तोही आजचं चित्र नव्हेच, कारण पहिला वापर आणि पहिला उपचार यांत बरीच वर्षं जातात. लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात हेच आहे. तिथवर पोचला नसाल.

एक चूक मात्र कबूल. तक्त्याच्या मथळ्यात 'रुग्ण' पडलंय, 'नोंदी' हवं होतं. एकच माणूस वर्षात तीनदा दाखल झाला की तिथे तीन धरले जातात. अमेरिकेच्या 'टेड्स' या व्यसनमुक्ती उपचारांच्या राष्ट्रीय नोंदसंग्रहातही दाखल होणं मोजतात, माणसं नाही. दुरुस्त केलंय.

वापरणाऱ्यांच्या तुलनेत उपचारांत स्त्रिया कमी दिसतात, हे एका ओळीत उरकलं कारण लेख वयावर होता. बाकीचं राहू द्या.