अर्धी रेकॉर्ड म्हणे!

दादा, आधी थँक्यू, शिव्या घालायला का होईना पण स्प्लिट रेकॉर्डवरचा, म्हणजे दोन कलाकारांनी एकेक बाजू वाटून घेतलेल्या रेकॉर्डवरचा, माझा लेख शेवटपर्यंत वाचलात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की बारा इंची रेकॉर्ड, एका बाजूला एकाचं ब्रेककोर (ड्रमचे तुकडे करून उलटसुलट जोडलेलं वेगवान इलेक्ट्रॉनिक संगीत), दुसऱ्या बाजूला भलत्याचंच हार्डकोर (दणदणीत, वेगवान टेक्नो), प्रत्येक बाजूला जेमतेम दहा मिनिटं, म्हणजे पैसे पूर्ण आणि माल अर्धा, वर ड्रम दुसऱ्यांच्या रेकॉर्डवरून चोरलेले आणि लयीचा पत्ता नाही.

दहा मिनिटांचं आधी घेतो, कारण तिथेच तुमचं गणित हुकतंय. विनाइलवर आवाज जितका मोठा, त्यातही बेस जितका जास्त, तितकी ग्रूव्ह, म्हणजे सुई फिरते ती खाच, जास्त डोलते आणि जागा खाते. ३३ आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ३३ फेऱ्यांवर, एका बाजूला वीसेक मिनिटं बसतात, पण आवाजाची लेव्हल खाली आणावी लागते, आणि हार्डकोरची किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, दबकी निघाली तर मग उरलं काय हो? ती टीआर-९०९ या ड्रम मशीनची किक डिस्टॉर्शनमध्ये घालून पार फाडलेली असते, खाली दणका आणि वर खरखर. म्हणून ४५ वर कापायचं आणि दहा-बारा मिनिटांत आटपायचं. शिवाय मधल्या कागदी लेबलच्या जवळ जाल तसा वेढा लहान होत जातो, तेवढ्याच वेळात सुईखालून कमी लांबी सरकते आणि वरचे आवाज चिरकायला लागतात, ब्रेककोरच्या त्या बारीक तुकडे केलेल्या हाय-हॅट्स (ड्रमसेटमधल्या झांजा) तिथे आल्या की वाट लागली. कमी ट्रॅक घेतले की तिथवर जायची वेळच येत नाही.

आणि एका रेकॉर्डवर दोघं का, तर खर्च. लॅकर (ग्रूव्ह कापलेली मूळ तबकडी), स्टॅम्पर (कॉपी छापायचा साचा) यांचा खर्च शंभर कॉपी काढा नाहीतर पाचशे, साधारण तेवढाच. एकट्याच्या नावावर एवढ्या कॉपी खपतील याची खात्री नाही, मग दोघांचे ऐकणारे एकत्र. गॅबर, म्हणजे हार्डकोरचाच एक प्रकार, ऐकणारा पोरगा एकदा तरी रेकॉर्ड उलटतोच.

लय नाही म्हणता? कॅनडातल्या विनिपेगच्या व्हेनेशियन स्नेअर्स या ब्रेककोरवाल्याचे बरेच ट्रॅक सरळ सात मात्रांत असतात, २००५ चा त्याचा हंगेरियन नावाचा अल्बम काढा, व्हायोलिनं आणि खाली सात मोजत सुटलेले ड्रम. रूपक मोजता येतो ना तुम्हाला? मग मोजा, सम सापडते, फक्त तिच्यापर्यंत पोचायला दम लागतो.

चोरीच्या मुद्द्यावर मात्र तुमच्याशी भांडण नाही. विन्स्टन्स या अमेरिकन बँडचं 'आमेन, ब्रदर', १९६९, तेही बिचारं बी साइडच, म्हणजे रेकॉर्डच्या मागच्या बाजूचं, त्यातले ड्रमचे चार बार (आवर्तनं), जेमतेम सात सेकंद, वाजवले ग्रेगरी कोलमननं. त्यावर जंगल नावाचा नाचायच्या संगीताचा प्रकार उभा राहिला, ब्रेककोर उभं राहिलं, आणि कोलमन २००६ मध्ये गेला तोवर रॉयल्टी शून्य. बँडच्या रिचर्ड स्पेन्सरला २०१५ मध्ये लोकांनी वर्गणी काढून २४,००० पाउंड दिले, ते चांगलंच, पण ती वर्गणी झाली, हक्काचे पैसे नव्हेत. फक्त हा हिशोब एकट्या ब्रेककोरवाल्यांकडे मागू नका, 'आमेन'चा तो तुकडा १९८८ मध्ये एन.डब्ल्यू.ए. सारख्या हिप-हॉपवाल्यांनीही वापरलाय.

बाकी तुम्ही लिहिलंय की मित्राकडे ती हार्डकोरची बाजू ऐकली तर 'रेडा हंबरतोय असं संथ' वाटलं. हार्डकोर आणि संथ? दादा, त्याला विचारा प्लेअर ३३ वर होता का.