जिनिंगवाल्या भाऊंच्या एक स्टारला आमचं उत्तर

रामराम भाऊ. रिव्ह्यू रात्रीच वाचला होता, पण तेव्हाच उत्तर टाकलं असतं तर दोन शब्द वाकडे गेले असते, म्हणून आता आमचं कॉम्प्युटरचं दुकान उघडून निवांत लिहितोय. बाकीच्या वाचणाऱ्यांना थोडक्यात सांगतो, भाऊंची जिनिंग आहे धरणगावकडे, आणि त्यांचं म्हणणं असं की सर्व्हरचा पासवर्ड बरोबर होता तरी लॉगिन होत नव्हतं, पुण्याच्या भाच्याने फोनवर पाच मिनिटात करून दिलं, दुसऱ्या दिवशी परत अडकलं तेव्हा आमच्या दुकानाचा पोरगा आला, त्याने दोन-चार बटणं दाबली, दुपारभर चहा पीत बसला, जाताना आमचाच पासवर्ड बदलून गेला आणि वर साडेतीन हजाराचं बिल लावलं. शेवटी 'निस्ती लूट' असं लिहिलंय.

बिल बरोबर आहे, ते कमी होणार नाही. का ते सांगतो.

पासवर्ड बरोबर होता हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे भाऊ. पण तुम्ही एवढी वर्षं तो पासवर्ड टाकत होते ऑफिसच्या लॅपटॉपवरून, पुट्टीतून (लांबून नेटवर्कने सर्व्हरमध्ये शिरायचा प्रोग्रॅम). त्या दिवशी लाईटीच्या झटक्यात नेटवर्कचा स्विच जळाला म्हणून पहिल्यांदाच कोणी सर्व्हरला मॉनिटर-कीबोर्ड लावून थेट कन्सोलवर बसलं. आणि तुमच्या सर्व्हरवर ज्याने कोणी सुरुवातीला लिनक्स टाकलं (आम्ही नाही, बिल काढून बघा) त्याने इन्स्टॉल करताना भाषेत इंग्लिश युनायटेड किंगडम निवडलं, त्यासोबत कीबोर्डपण युकेचा बसला. आपल्याकडे बाजारात मिळतात ते जवळपास सगळे कीबोर्ड अमेरिकन मांडणीचे. आता युकेच्या मांडणीत शिफ्ट धरून 2 दाबलं की ॲट (@) येतच नाही, डबल कोट (") येतो, आणि ॲट असतो एंटरच्या शेजारच्या कोटच्या बटणावर. तुमच्या पासवर्डमध्ये मधोमध ॲट आहे (होता म्हणतो, आता बदललाय). पासवर्ड टाईप करताना स्क्रीनवर काहीच दिसत नाही, म्हणजे तुमचे मुनीमजी ॲट दाबून राहिले आणि मशीनला डबल कोट जाऊन राहिला, आणि मशीन आपलं दर वेळी 'लॉगिन इनकरेक्ट'. पुट्टीत हे होत नाही कारण तिथे कीबोर्ड लॅपटॉपचा चालतो, सर्व्हरचा नाही.

आमच्या पोराने जी 'दोन-चार बटणं दाबली' ती हीच होती. लॉगिनच्या जागी, जिथे युजरचं नाव टाकतात आणि अक्षरं दिसतात, तिथे त्याने शिफ्ट-2 दाबलं आणि स्क्रीनवर डबल कोट आला. मुनीमजींना दाखवलं, त्यांनी स्वतः परत दाबून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. विचारा त्यांना. कोणाचाही सर्व्हर असा अडला तर पासवर्ड रिसेट करायच्या आधी हे करा, दहा सेकंद लागतात, माझी फी नको.

आता भाच्याबद्दल. पोरगा हुशार आहे, माझा त्याच्यावर राग नाही. फोनवर त्याने ग्रबच्या स्क्रीनवर (मशीन चालू होताना लिनक्सच्या आधी येतो तो मेनू) ई दाबायला लावलं, लाईनीच्या शेवटी आरडी डॉट ब्रेक लिहायला लावलं, म्हणजे मशीन अर्ध्यात थांबतं, आणि आतून रूटचा, म्हणजे मुख्य युजरचा, पासवर्ड नवीन केला. पद्धत बरोबरच आहे, आम्हीपण हेच करतो. पण तुमच्या सर्व्हरवर सेंटओएस नावाचं लिनक्स आहे, त्यात एसईलिनक्स, म्हणजे फाईलवरचं लेबल बघून आत सोडणारा पहारेकरी, चालू असतो, आणि अशा वेळी पासवर्ड बदलला की ज्या शॅडो फाईलमध्ये पासवर्ड राहतात तिच्यावरचं लेबल निघून जातं. मार्केट यार्डात चिठ्ठी नसलेली गोणी गेटवरचा वॉचमन सोडतो का, माल आत चांगला असला तरी? तसंच. पासवर्ड नवा, बरोबर, तरी लॉगिन बंद. त्यासाठी बाहेर पडायच्या आधी ऑटोरिलेबल नावाची रिकामी फाईल बनवायची असते म्हणजे मशीन पुढच्या वेळी चालू होताना सगळ्या फायलींना परत लेबल लावतं. तेवढं राहिलं.

मग भाच्याने दुसरा रस्ता काढला, ग्रबमध्येच selinux=0, म्हणजे एसईलिनक्स बंद, असं लिहून चालू करा म्हणे. झालं चालू! तुम्ही म्हणता ते पाच मिनिट हेच. दिवसभर वजनकाटा चालला, पावत्या निघाल्या. पण ग्रबमध्ये ई दाबून केलेला बदल फक्त त्या एका वेळेपुरता असतो, फाईलमध्ये कुठे जात नाही. संध्याकाळी लाईट गेली, यूपीएस किती दम धरणार, सर्व्हर बंद. लाईट आली तेव्हा मशीन आपल्या जुन्या सेटिंगवर चालू झालं, आणि एसईलिनक्स बंद ठेवून चालवल्यावर सेंटओएस 7 ती ऑटोरिलेबलची फाईल आपोआप बनवून ठेवतं, म्हणून त्याने स्वतःहूनच लेबलं लावायला घेतली. स्क्रीनवर इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं येतं की याला फार वेळ लागू शकतो. ते वाचलं कोणी नाही. मुनीमजी म्हणे "भो, मशीन हँग व्हई गयं" आणि दिलं पॉवरचं बटण दाबून. परत चालू, परत पहिल्यापासून लेबलं, परत बटण. आमचा पोरगा पोहोचला तेव्हाही एकाचं बोट बटणावरच होतं.

त्या दुपारी तो बसून होता हे खरंय, कारण बसणं हेच काम होतं. तुमच्या काट्यावरचा कॅमेरा प्रत्येक ट्रॅक्टरचे फोटो काढतो आणि ते सगळे फोटो एवढ्या सीझनचे त्याच एका जुन्या हार्डडिस्कवर पडलेत. लाखो बारीक फायली, एकेकीला लेबल लागणार. तो उठून गेला असता तर बाहेर लाईनीत उभे असलेले कापसाचे ट्रॅक्टर बघून कोणीतरी चौथ्यांदा बटण दाबलंच असतं, आणि चालू कामात असा करंट तोडून तोडून डिस्कच गेली असती तर साडेतीन हजारात काही भागलं नसतं. शेतकरी बाहेर ओरडून राहिले होते, आत हा सगळ्यांना थांबा थांबा म्हणत होता. आणि चहा तो पीतच नाही हो, तो तुमच्याच माणसांनी आणून ठेवलेला होता.

राहिला पासवर्ड बदलल्याचा विषय. भाच्याचा नवा पासवर्डपण कन्सोलवरच टाईप झाला, त्यातही ॲट. म्हणजे मशीनने साठवला डबल कोट. तो कन्सोलवर उघडायचा पण नवीन स्विच बसल्यावर पुट्टीतून उघडत नव्हता, ही तक्रार तुमचीच होती. पोराने लोकलसीटीएल या कमांडने कीबोर्ड अमेरिकन केला, आणि कीबोर्ड बदलला की तो पासवर्ड कन्सोलवरही चालणार नव्हता, म्हणून आत असतानाच नवा ठेवणं भाग होतं. तो लिहून पाकिटात तुमच्या लहान भावाच्या हातात दिलाय, आमच्याकडे कॉपी नाही, तुम्ही तेव्हा खरेदीला बाहेर होते, भावाला विचारा. बिलात पार्ट एकही लावलेला नाही, येणं-जाणं आणि वेळ एवढंच.

अजून एक, हे बिलाच्या बाहेरचं. सर्व्हर तुमचा काट्याच्या केबिनमध्ये टेबलाखाली आहे, फॅनमध्ये रुई बसलीय ती पोराने काढली, पण केबिनमध्ये दिवसभर येणारा कोणीही माणूस ग्रबमध्ये ई दाबून भाच्याने केलं तेच करू शकतो. ग्रबला पासवर्ड लावायचा का असं पोराने विचारलं होतं, तुमच्याकडून नको आलं. लावून घ्या, मशीन चालू व्हायला त्याचा काही अडथळा येत नाही, फक्त लाईन बदलायला पासवर्ड मागतो. आणि सेंटओएस 7 चा सपोर्ट 30 जून 2024 लाच संपलाय, अपडेट येत नाहीत. सीझन चालू असताना हात लावू नका, पण काटा बंद झाला की अल्मा नाहीतर रॉकी लिनक्सवर न्या, आमच्याकडून करा की भाच्याकडून करा. भाच्याने केलं तर त्याला इन्स्टॉल करताना कीबोर्ड बघायला सांगा, आणि काट्याचे जुने फोटो आधी वेगळ्या डिस्कवर काढून घ्या.