शिक्षकाने दिलेली श्रेणी हा अंदाज नसतो: एका फिरत्या संदेशाला उत्तर

प्राथमिक शाळांबद्दलचा एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत असतो. शब्द बदलतात, आशय तोच राहतो. थोडक्यात तो असा: ‘वर्गशिक्षक मुलांना जी श्रेणी देतात तो निव्वळ अंदाज असतो. आवडत्या मुलांना झुकतं माप मिळतं. शाळेचं नाव राखायला सगळ्यांच्याच श्रेणी फुगवल्या जातात. मग चार शिक्षक एकत्र बसून त्यावर शिक्कामोर्तब करतात आणि त्याला मॉडरेशन म्हणतात. हा खटाटोप बंद करा. वर्षाच्या शेवटी बाहेरून तपासलेली एकच लेखी परीक्षा घ्या. आकडा खोटं बोलत नाही.’

मी बरीच वर्षं प्राथमिकच्या वर्गांना शिकवते आहे. मॉडरेशन म्हणजे एका शिक्षकाने दिलेली श्रेणी इतर शिक्षकांनी मुलाचं काम वाचून पडताळणं. या संदेशातली एक तक्रार खरी आहे आणि ती मी पुढे मान्य केली आहे. बाकीच्या का टिकत नाहीत ते एकेक करून सांगते.

‘आकडा खोटं बोलत नाही.’

1912 साली डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या दोन अमेरिकी अभ्यासकांनी इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांच्या हुबेहूब प्रती वेगवेगळ्या माध्यमिक शाळांतल्या शिक्षकांकडे तपासायला पाठवल्या. त्यातल्या एका उत्तरपत्रिकेला 64 पासून 98 पर्यंत गुण पडले. उत्तरपत्रिका एकच, अक्षर न अक्षर तेच, फक्त तपासणारा हात वेगळा. भाषा विषयात असं व्हायचंच, असं कुणालाही वाटेल. म्हणून त्यांनी पुढे भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली. तिथे तफावत आणखी रुंदावली: 28 ते 95.

यावर संदेश लिहिणारे म्हणतील, बघा, शिक्षकांवर विसंबता येत नाही हेच सिद्ध झालं. पण ते शिक्षक लेखी परीक्षाच तपासत होते! प्रत्येकजण एकटा बसला होता. पद्धतीला किती गुण, उत्तराला किती, नीटनेटकेपणाला किती, यावर त्यांचं एकमेकांशी बोलणं झालेलं नव्हतं. या प्रयोगातून दिसतं ते इतकंच की एकट्याने, सामाईक निकषांशिवाय केलेली तपासणी डळमळीत असते. मग ती वर्गात होवो की परीक्षेच्या केंद्रावर.

पर्यायी उत्तरांची, यंत्राने तपासायची परीक्षा घेतली तर ही अडचण जाते हे खरं. मात्र तिथेही माणसाचा निर्णय असतोच. कोणते प्रश्न विचारायचे, किती गुणांना ‘येतं’ म्हणायचं, हे कुणीतरी आधी ठरवलेलं असतं. शिवाय बरंच काही हातचं निसटतं. 503 वजा 268 हे उदाहरण घ्या. उत्तर 235. एका मुलाने लिहिलं 365, दुसऱ्याने 245. परीक्षेत दोघांना शून्य. वही पाहिली तर पहिल्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय. 3 मधून 8 जात नाहीत म्हणून त्याने 8 मधून 3 काढले. हातच्याची कल्पनाच त्याच्यापर्यंत पोचलेली नाही. दुसऱ्याला हातचा कळलाय. शतकाकडून दशक आणले, एककाला एक दशक दिलं, पण दिल्यावर दशकाच्या घरात 10 चे 9 उरतात हे तो विसरला. पहिल्याला दशकाचे गठ्ठे सोडून दाखवायला किमान आठवडा लागेल. दुसऱ्याला शून्य असलेली चार उदाहरणं पुरतील. परीक्षेच्या आकड्यात ही दोन मुलं एकसारखी आहेत. माझ्या नोंदीत ती एकसारखी नाहीत, आणि माझी नोंद अंदाजाने आलेली नाही, मुलाच्या कामातून आली आहे.

‘एक चांगली परीक्षा पुरेशी आहे.’

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भांड्यातला भात सगळीकडे सारखा शिजतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचं शिकणं तसं शिजत नाही. गोष्ट रंगवून सांगणारी मुलगी सूचना वाचून कृती करताना अडखळते. तोंडी हिशेब झटकन करणारा मुलगा शाब्दिक उदाहरणाच्या तिसऱ्या ओळीत हरवतो. कागदावरच्या परीक्षेला मूल मोठ्याने कसं वाचतं ते ऐकू येत नाही. चुकीचा शब्द वाचल्यावर अर्थ जुळत नाही म्हणून ते स्वतःहून मागे येतं का, हे तिला दिसत नाही. वाचन समजण्याच्या खुणांत ही खूण मला सगळ्यांत मोलाची वाटते. त्यातच प्रत्येक परीक्षेच्या गुणाला मोजमापाची चूक चिकटलेली असते. उत्तीर्ण होण्याच्या रेषेच्या दोन गुण वर आणि दोन गुण खाली असलेली मुलं प्रत्यक्षात वेगळी आहेत, असं कुठलीही परीक्षा छातीठोकपणे सांगू शकत नाही.

‘शिक्षक झुकतं माप देतात.’

हीच ती खरी तक्रार. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1920 मध्येच दाखवून दिलं होतं की माणसाच्या एका गुणाबद्दल आपलं मत चांगलं झालं की बाकीच्या गुणांनाही आपण चढे गुण देतो. वर्गात हे रोज घडतं. शांत बसणारं, गृहपाठ वेळेवर करणारं, सुवाच्य अक्षराचं मूल आपल्याला ‘हुशार’ वाटू लागतं. इंग्लंडमध्ये सायमन बर्जेस आणि एलेन ग्रीव्हज यांनी अकरा वर्षांच्या मुलांचे परीक्षेतले गुण आणि शिक्षकांनी दिलेले स्तर शेजारी शेजारी ठेवले. काही वंशगटांतल्या मुलांना शिक्षक त्यांच्या परीक्षेतल्या कामगिरीपेक्षा सातत्याने खाली ठेवत होते, काहींना वर. हा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. आम्हा शिक्षकांना हे वाचायला जड जातं, पण वाचलंच पाहिजे.

फरक आहे तो उपायात. हा पूर्वग्रह शिक्षकाच्या मनात त्याच्याही नकळत बसलेला असतो, त्यामुळे ‘निष्पक्ष राहा’ असं सांगून तो जात नाही. नाव झाकलेलं काम, त्या मुलाला कधीही न पाहिलेला दुसरा शिक्षक आणि ‘हे तू कशावरून म्हणतेस?’ हा प्रश्न, एवढं एकत्र आलं की तो उघडा पडतो. म्हणजे ज्या मॉडरेशनला संदेश खटाटोप म्हणतो, तेच या दुखण्यावरचं औषध आहे.

‘शाळेचं नाव राखायला श्रेणी फुगवतात.’

कधी फुगतात हे नीट पाहा. इंग्लंडमध्ये 2012 पासून पहिलीच्या वर्षातल्या मुलांची एक उच्चारवाचन चाचणी शाळेतलेच शिक्षक घेतात. 40 शब्द, त्यातले निम्मे बनावट, म्हणजे मुलाला पाठ करून वाचता येऊ नयेत असे. पहिल्या दोन वर्षांत उत्तीर्णतेची रेषा 32 आहे हे शिक्षकांना आधीच माहीत होतं. निकालांच्या आलेखात 31 वर खड्डा आणि 32 वर उंच सुळका दिसला. 2014 मध्ये रेषा चाचणी होईपर्यंत गुप्त ठेवली आणि तो सुळका बराच बसला. मुलं तशीच, चाचणीचं स्वरूप तेच, शिक्षकही बहुतेक तेच. बदलली ती एकच गोष्ट: काठावरच्या मुलाला किती ढकलायचं हे आता कुणाला कळत नव्हतं.

बाहेरची परीक्षा आणली की हा मोह संपतो असं कुणाला वाटत असेल तर अमेरिकेतल्या अटलांटाचं उदाहरण आहे. तिथल्या 2009 च्या प्रमाणित चाचण्यांत उत्तरं खोडून बरोबर केल्याचं 2011 च्या सरकारी चौकशीत उघड झालं. 44 शाळा आणि 178 शिक्षक-अधिकारी त्यात गुंतलेले आढळले. 2015 मध्ये अकरा जण दोषी ठरले. चाचणी छापील होती, बाहेरची होती, वस्तुनिष्ठ होती. पण तिच्या आकड्यांवर नोकऱ्या आणि बक्षिसं टांगलेली होती. आकड्याला जितकं बक्षीस किंवा जितकी शिक्षा जोडावी तितका तो वाकतो, मग तो शिक्षकाच्या नोंदीतला असो वा परीक्षेतला.

या मुद्द्यावर 2020 चा दाखला हमखास दिला जातो. तेव्हा ब्रिटनमध्ये साथीमुळे मोठ्या वर्गांच्या परीक्षा रद्द झाल्या, आधी संगणकीय सूत्राने श्रेणी दिल्या गेल्या, त्यावर गदारोळ झाला आणि ऑगस्टमध्ये शिक्षकांनी कळवलेल्या श्रेणी ग्राह्य धरल्या गेल्या. निकाल चढला, हे खरं. पण त्या शिक्षकांना मुलांच्या झालेल्या कामाचं मूल्यमापन करायला सांगितलेलंच नव्हतं. ‘परीक्षा झाली असती तर याला काय मिळालं असतं?’ असा तो प्रश्न होता. तो खरोखर अंदाज होता, आणि एका शाळेचं काम दुसऱ्या शाळेने वाचून पाहण्याची सोयही त्यात नव्हती. मॉडरेशन काढून घेतल्यावर काय होतं याचा तो दाखला आहे.

‘मॉडरेशन म्हणजे आपापसांतली तडजोड.’

असं म्हणणाऱ्याने चांगली चाललेली एक बैठक तरी पाहायला हवी. वाईट बैठका मीही पाहिल्या आहेत. मुख्याध्यापक पहिल्यांदा मत सांगतात, बाकीचे माना डोलावतात, चहा होतो. ते मॉडरेशन नव्हे.

चांगल्या बैठकीचे नियम साधे असतात. प्रत्येकाने वर्गातलं सगळ्यांत देखणं काम आणायचं नाही. काठावरची मुलं आणायची, ज्यांच्याबद्दल आपलंच मन द्विधा आहे ती. नावं झाकायची. आधी सगळ्यांनी न बोलता वाचायचं आणि आपापल्या चिठ्ठीवर श्रेणी लिहायची. मग बोलणं, आणि सुरुवात सगळ्यांत नवीन शिक्षकाने करायची, ज्येष्ठांनी शेवटी बोलायचं. मत मांडताना वहीतल्या ओळीवर बोट ठेवायचं. ‘तो तसा चुणचुणीत आहे’ हे चालत नाही. यातलं फळ्यावरून उतरवलेलं किती आणि मुलाचं स्वतःचं किती, हे आणणाऱ्याने सांगायचं. एकच निबंध पुरत नाही. पत्र, वर्णन, माहिती, गोष्ट असे वेगवेगळे नमुने लागतात. एकमत झालं नाही तर मधला आकडा काढायचा नाही. आणखी काम मागवायचं किंवा मुलाला पुन्हा लिहायला द्यायचं. आणि श्रेणी बदललीच, तर त्या शिक्षकाने आपल्या वर्गातली त्याच काठावरची बाकीची मुलंही पुन्हा तपासायची.

अशाच एका बैठकीत ‘सहल’ या विषयावरची दोन लेखनं होती. एक माझ्या वर्गातलं. अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड नाही: ‘आमची सहल खूप छान झाली. आम्ही खूप मजा केली. आम्ही झोपाळ्यावर खूप खेळलो.’ दुसरं दुसऱ्या वर्गातलं, ओळी वर-खाली गेलेल्या: ‘बस सुटली तेव्हा आई हात हलवत होती पन मी तिकडे पाहिलच नाही कारन मला रडु आल असत.’ आम्ही पाचजण होतो. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा चौघांनी पहिल्या लेखनाला वरची श्रेणी दिली होती. मीही त्यांतच.

सगळ्यांत नवीन शिक्षिका पहिल्यांदा बोलली. निकषात लिहिलंय, ‘वाक्यं जोडून कारण आणि परिणाम सांगतो.’ पहिल्या लेखनात ते कुठे आहे ते दाखवा, असं ती म्हणाली. आम्ही शोधलं. नव्हतं. दुसऱ्यात एकाच वाक्यात ‘तेव्हा’, ‘पण’ आणि ‘कारण’ आले होते, आणि न घडलेल्या गोष्टीबद्दलचं ‘आलं असतं’ही. ‘पन’ आणि ‘कारन’ या चुका खऱ्या, पण त्या घरच्या बोलीच्या उच्चारातून आलेल्या. शुद्धलेखनाचा निकष वेगळा होता, त्यात त्या नोंदवल्या गेल्या. त्या चुकांनी विचाराची श्रेणी खाली ओढायची नव्हती. दोन्ही मुलांची आणखी तीन-तीन लेखनं मागवली. शेवटी त्या मुलाची श्रेणी वर गेली आणि माझ्या विद्यार्थिनीची खाली आली. तडजोड झाली असती तर दोघं जिथल्या तिथे राहिली असती.

हे मोठ्या प्रमाणावरही चालतं. इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळा संपवणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलांच्या लेखनाचा स्तर वर्गशिक्षकच ठरवतात आणि स्थानिक प्रशासनाचे मॉडरेटर दरवर्षी किमान एक चतुर्थांश शाळांत जाऊन मुलांच्या वह्यांवरून तो पडताळतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने तर सुमारे साडेचार दशकं माध्यमिकच्या शेवटच्या वर्षांचे निकालही शाळांतल्या कामावर आणि शिक्षकांच्या मॉडरेशन मंडळांवर चालवले.

‘पालकांना गुण कळतात, वर्णनात्मक नोंदी कळत नाहीत.’

‘प्रगती समाधानकारक’ अशी नोंद असेल तर खरंच काही कळत नाही. त्या नोंदीची लाज आम्हाला वाटायला हवी. पण रूथ बटलर यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त कामाबद्दलचा शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झालाच नाही.

‘यात शिक्षकांचा वेळ वाया जातो.’

वेळ जातो. त्या ‘सहल’ बैठकीला अख्खी दुपार गेली, वर पुन्हा वह्या वाचायला दोन संध्याकाळी. वेळापत्रकात त्यासाठी जागा नसते आणि ती मिळायला हवी ही मागणी मी करत राहीन. पण त्या दुपारी मला कळलं की वर्षभर मी सुवाच्य अक्षराला शाबासकी देत आले होते, आणि माझ्या वर्गातली निम्मी मुलं ‘खूप’ या एका शब्दावर निबंध काढत होती. पुढच्या सोमवारी मी वर्गाला तीच सहल पुन्हा लिहायला दिली. अट एकच, ‘खूप’ लिहायचं नाही. जिची श्रेणी खाली आली होती ती मुलगी बराच वेळ पेन्सिल चावत बसली. मग तिने लिहिलं: ‘झोपाळा खाली येताना माझं पोट वरच राहिलं म्हणून मी डोळे मिटले.’