‘टू-स्टेप लावू नका’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे खातं नव्या फोनवर सुरू करताना ओटीपीशिवाय आणखी एक पिन विचारणारी सोय, लावू नका, असा सल्ला सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर अधूनमधून फिरत असतो. कारणं चार दिलेली असतात. ओटीपी येतोच, मग वेगळा पिन कशाला? पिन विसरलात तर नंबर कायमचा गेला. हॅकर काहीही फोडतात. आणि आपल्यासारख्यांच्या चॅटमध्ये चोरण्यासारखं आहे तरी काय?

पहिलं कारण सगळ्यात शहाणपणाचं वाटतं आणि तेच सगळ्यात घातक आहे. ओटीपी तुमच्या नंबरवर येतो, आणि नंबरवर आलेली गोष्ट वळवता येते. कुरिअरवाला बोलतोय म्हणून फोन येतो. पार्सल अडकलंय, स्टार ४०१ स्टार लावून पुढे हा मोबाइल नंबर आणि हॅश दाबा, असं सांगतात. दाबलं की तुमचे कॉल त्याच्या फोनवर जायला लागतात. मग तो स्वतःच्या मोबाइलवर तुमच्या नंबरने व्हॉट्सॲप सुरू करतो, कोड एसएमएसऐवजी कॉलवर मागवतो आणि निवांत ऐकून घेतो. तुम्ही ओटीपी कुणालाही सांगितलेला नसतो, तरी खातं गेलेलं असतं. या फसवणुकीमुळेच दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून असे कोड दाबून कॉल फॉरवर्ड करण्याची सोय कंपन्यांना थांबवायला लावली. पण तुमच्या नावावर दुसरं सिम काढणं, किंवा लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) पाठवून एसएमएस वाचणं, हे मार्ग उरतातच. टू-स्टेपचा सहा आकडी पिन तुम्ही स्वतः ठरवलेला असतो. तो कॉलवर किंवा एसएमएसमध्ये येतच नाही, त्यामुळे वाटेत पकडायला काही नसतं. अर्थात मागितल्यावर तोही सांगून टाकलात, तर इलाज नाही.

पिन विसरला तर? सेट करतानाच ईमेल दिला असेल तर त्यावरून तो बदलता येतो. ईमेल दिला नसेल तर ७ दिवस थांबावं लागतं. कायमचं काही जात नाही. गंमत अशी, की पिन न लावणाऱ्यालाच हे ७ दिवस भोगावे लागण्याची शक्यता जास्त. तुमचं खातं हाती आलं की चोर स्वतः त्यावर पिन लावतो. तुम्ही एसएमएसचा कोड टाकून त्याला बाहेर काढू शकता, पण त्याने लावलेला पिन तुम्हाला ठाऊक नसतो. मग बसा आठवडाभर.

हॅकर काहीही फोडतात, हे निम्मं खरं. गूगलने २०१९ मध्ये स्वतःच्या खात्यांबद्दल आकडे दिले होते. पासवर्डच्या जोडीला फोनवर एसएमएसने येणाऱ्या कोडने बॉटचे (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामचे) १०० टक्के, सरसकट फिशिंगचे (खोट्या मेसेज-लिंकने माहिती काढण्याचे) ९६ टक्के आणि नेमकी व्यक्ती हेरून केलेले ७६ टक्के हल्ले अडवले. म्हणजे कुणी हात धुऊन तुमच्याच मागे लागलं तर साधा कोड कमी पडू शकतो. अशा वेळी सिक्युरिटी की, म्हणजे लॉगिन करताना फोन किंवा कॉम्प्युटरला जोडायचं छोटं उपकरण, कामी येते. त्याच पाहणीत तिने तिन्ही प्रकार पूर्ण अडवले. पण आपल्यावर जाळं टाकणारा बहुधा हजारो नंबरांवर एकच जाळं टाकत असतो. पिन लागला की तो पुढच्या नंबरकडे वळतो.

चोरण्यासारखं काय आहे? तुमचं नाव. ‘मावशी, दवाखान्यात आहे, वीस हजार जीपे कर ना’ हा मेसेज तुमच्या डीपीखाली गेला की मावशी विचारत बसत नाही.

एक मर्यादा मात्र सांगायलाच हवी. कुणाच्या सांगण्यावरून क्यूआर कोड स्कॅन करून तुम्हीच त्याचा लॅपटॉप जोडलात, तर हा पिन आड येत नाही. त्यासाठी ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी काही दिसतंय का, ते बघत जा.

पिन लावायचा तर सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन. ईमेलही तिथेच भरा. आणि सहा आकडे म्हटलं की बोट आपोआप जन्मतारखेकडे जातं. ती नको. दरवर्षी ग्रुपवर सगळे तुम्हाला त्याच दिवशी शुभेच्छा देतात.